घरबसल्या आक्रमकतेची जनुक चाचणी : सोलापुरातील एका ग्राहकाचा अनुभव

चाचणीचे नाव ‘स्वभाव व आक्रमकता’, किंमत ६,९९९ रुपये, नमुना लाळेचा, अहवाल चार आठवड्यांत ई-मेलने. माझे गुण पाचपैकी दीड, आणि तो दीडही खोक्याच्या नीटस बांधणीला व शब्द दिलेल्या तारखेला आलेल्या अहवालाला आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच धर्तीच्या चाचण्या आता अनेक जण विकतात आणि माझा आक्षेप एका पाटीपुरता नाही. मी २८ वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले आहे. तरीही पैसे माझ्याच खात्यातून गेले, हेही सुरुवातीलाच कबूल केलेले बरे.

मार्चमध्ये आमच्या धाकट्या भावाच्या मुलाने वर्गातल्या एका मुलाच्या कपाळावर कंपासपेटी मारली. दोन टाके पडले, शाळेने आईवडिलांना बोलावून घेतले, आणि घरी आल्यावर आमच्या आईने नेहमीचा निकाल देऊन टाकला : ‘आजोबावर गेलंय पोरगं. घराण्यातच राग हाय आपल्या.’ आमचे वडील मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. साच्यावरच्या कामगारांत त्यांचा दरारा होता आणि घरात त्यांचा हात लगेच सुटायचा, त्यामुळे हे वाक्य आमच्याकडे चाळीस वर्षे कोणीही न तपासता चालत आले आहे. धाकट्याने मोबाइलवर ही चाचणी पाहिली आणि म्हणाला, ‘दादा, एकदा कळून तरी जाऊ दे.’ मीही नको म्हणालो नाही. जे वर्गात शिकवले ते घरातल्या माणसावर तपासून पाहण्याचा मोह शिक्षकाला सुटत नाही.

खोके चांगले होते. आत झाकणात निळसर द्रव भरलेली नळी, नरसाळे, बारकोडाच्या तीन चिठ्ठ्या आणि परतीचे पाकीट. नमुन्याआधी अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही ही अट आम्ही वाचली तेव्हा पोराच्या तोंडात कडक भाकरी आणि शेंगा चटणी होती, त्यामुळे चूळ भरून पुन्हा घड्याळ लावावे लागले. नळीवरच्या रेषेपर्यंत दोन मिलिलिटर लाळ हवी, आणि वरचा फेस त्यात धरायचा नाही. सोलापूरच्या मे महिन्यात बारा वर्षांच्या मुलाच्या कोरड्या तोंडातून एवढी लाळ काढायला पंचवीस मिनिटे गेली. शेवटी उपाय त्यालाच सापडला. ‘काका, लिंबाचा विचार केला की येतंय बघा,’ असे म्हणून त्याने नळी भरली, झाकण दाबले आणि निळा द्रव खाली उतरताना तो टक लावून पाहत राहिला. ज्या मुलाबद्दल आम्ही मोठी माणसे एवढी काळजीत होतो, त्याच्या बाबतीतली त्या दिवसाची ही सर्वांत शांत पंचवीस मिनिटे होती.

सोबतचा अर्ज चार पानी होता. उंची, वजन, शाकाहारी की मांसाहारी, घरात मधुमेह कोणाला, रक्तदाब कोणाला, मूल खेळते किती, सारे विचारले होते. मूल झोपते किती, शाळेत त्याला कोणी छळते का, घरात त्याला मारले जाते का, यांपैकी एकही प्रश्न नव्हता. तेव्हा ही उणीव मला फारशी बोचली नाही. अहवाल हाती आल्यावर मात्र साऱ्या चाचणीचा कच्चा दुवा हाच असल्याचे लक्षात आले.

अहवाल ३६ पानांचा, गुळगुळीत आणि रंगीत. तिसऱ्या पानावर गाडीच्या वेगमापकासारखी अर्धवर्तुळाकार तबकडी आहे. डावीकडे हिरवा पट्टा, उजवीकडे लाल, आणि काटा लालमध्ये. खाली ठळक अक्षरांत ‘एमएओए : कमी क्रियाशील, योद्धा प्रकार’. मजकूर इंग्रजीत आहे आणि शेवटी जोडलेले एक पान मराठीत म्हणायचे, तर त्यावर ‘आपला अपत्य लढाई प्रवृत्त आहे’ अशी वाक्ये आहेत. त्यानंतर सल्ले : कराटेचा वर्ग लावा, मॅग्नेशियमयुक्त आहार द्या, आणि याच कंपनीची १,४९९ रुपयांची पूरक भुकटी रोज एक चमचा.

आता मूळ विषयाकडे येतो, कारण या चाचणीत विकले जाते ते खऱ्या संशोधनाचेच एक टोक आहे आणि ते पूर्णपणे थोतांड नाही. एमएओए हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. त्याच्या सूचनेनुसार तयार होणारे विकर (एन्झाइम) मेंदूतील सेरोटोनिन, नॉरएड्रेनलिन आणि डोपामिन या रसायनांचे काम झाले की त्यांचे विघटन करते. १९९३ मध्ये हान ब्रुनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधील एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या कुटुंबातील अनेक पुरुषांमध्ये बुद्धी किंचित मंद होती आणि संताप अनावर होऊन मारहाण, जाळपोळ, लैंगिक अत्याचाराचा प्रयत्न असे प्रकार पिढ्यान्‌पिढ्या घडले होते. त्यांच्या एमएओए जनुकात डीएनएच्या एकाच अक्षराचा असा बदल सापडला की त्यामुळे ते विकर तयारच होत नव्हते. १९९५ मध्ये हे जनुक निकामी केलेले नर उंदीरही अधिक हल्लेखोर झाल्याचे दिसले. जनुकाचा आणि आक्रमक वर्तनाचा संबंध असतो, हे नाकारण्याचे कारण नाही.

अहवालाच्या सातव्या पानावर याच डच कुटुंबाची गोष्ट सांगितली आहे आणि आठव्या पानावर माझ्या पुतण्याचा निकाल आहे. मधली दरी कोठेही सांगितलेली नाही. डच कुटुंबात जनुक बंद पडले होते, आणि तसा बदल जगात अत्यंत दुर्मीळ आहे. पुतण्याच्या अहवालात ज्याचा उल्लेख आहे तो प्रकार निराळा : या जनुकाच्या आरंभी तीस अक्षरांचा एक तुकडा पुन:पुन्हा येतो, बहुतेकांत तीन किंवा चार वेळा, आणि तीन वेळा आला तर विकर काहीसे कमी बनते असे प्रयोगशाळेतील पेशींवरून दिसले. हा तीनवाला प्रकार युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे एकतृतीयांश जणांत आढळतो. जी गोष्ट तिघांतल्या एकाकडे असते तिला विकृती म्हणत नाहीत. शिवाय २००८ मध्ये अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेत जिवंत माणसांच्या मेंदूत या विकराचे प्रमाण प्रत्यक्ष मोजले गेले, तेव्हा विकर कमी असण्याचा आक्रमक स्वभावाशी संबंध दिसला, पण जनुकाच्या प्रकाराचा त्याच्याशी संबंध दिसला नाही. म्हणजे ‘कमी क्रियाशील’ हे शब्द बशीतल्या पेशींबद्दल खरे असले, तरी कोणा मुलाच्या मेंदूबद्दल ते तबकडीवर छापण्याइतके खरे नाहीत.

यापेक्षा मोठी गोम एकतिसाव्या पानावर बारीक टाइपात आहे. नमुना ‘चिप’वर तपासला असे तेथे लिहिले आहे. चिप ठरावीक जागची एकेक अक्षरे वाचते. तीस अक्षरांचा तुकडा किती वेळा आला हे मोजायचे तर तो भाग पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीने, वाढवून त्याची लांबी मोजणारी वेगळी तपासणी करावी लागते. कंपनीने ती केलेली नाही. शेजारच्या अक्षरांवरून तुकड्यांचा अंदाज बांधला आहे, आणि हा शेजार जगातल्या सगळ्या लोकसमूहांत सारखा नसतो. धान्य मोजायला दिलेल्या माणसाने पोत्याचा रंग पाहून वजन सांगावे, तसा हा प्रकार झाला.

ग्राहक सेवेचा क्रमांक लागतो लवकर, हे मान्य. पलीकडची समुपदेशक मुलगी मृदू बोलत होती. मी विचारले, हा प्रकार मुलाकडे कोठून आला असावा? तिने अर्ज पाहून सांगितले, ‘सर, आपण आजोबांचा राग लिहिला आहे, म्हणजे वडिलांच्या बाजूने आलेला दिसतो.’ मी काही क्षण गप्प राहिलो. अकरावीच्या विद्यार्थ्याने हे उत्तर लिहिले असते तर मी शून्य दिले असते. एमएओए एक्स गुणसूत्रावर आहे. मुलगा बापाकडून वाय घेतो, त्याचा एकुलता एक्स आईकडून येतो. आमच्या वडिलांचे एमएओए जनुक नातवापर्यंत पोचणे तर सोडाच, माझ्यापर्यंत किंवा धाकट्यापर्यंतही पोचलेले नाही. घराण्याच्या रागाची जी कथा सिद्ध करण्यासाठी आम्ही पैसे भरले, तीच या जनुकाने पहिल्या पायरीवर खोडून काढली होती, आणि ते कंपनीच्या माणसाला ठाऊक नव्हते.

मी हे रात्री घरी समजावून सांगितले आणि तेथे माझी चूक झाली. ‘मग ते हिच्या माहेरचं म्हणायचं की,’ आई लगेच म्हणाली, आणि भावजयीचे माहेर मंगळवेढ्याचे, तिकडची सगळी माणसे किती गरीब स्वभावाची हे चाळीस वेळा सांगून झालेले असतानाही तिच्याकडे पाहण्याची नजर त्या मिनिटात बदलली. तेव्हा मला सांगावे लागले की याच न्यायाने धाकट्याचे आणि माझे हे जनुक आईकडूनच आलेले आहे. त्यावर ती उठून पाणी प्यायला गेली. विनोद बाजूला ठेवून सांगायचे तर असा कागद घरात आला की प्रथम दोष कोणाच्या पदरात टाकायचा याचा शोध सुरू होतो, आणि अहवालात त्याबद्दल सावधगिरीची एक ओळही नाही.

आता अर्जातून गाळलेल्या प्रश्नाकडे. न्यूझीलंडमधील डनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला गेला. अवशालोम कास्पी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये त्यांतल्या ४४२ पुरुषांची जनुके आणि लहानपणची परिस्थिती एकत्र मांडली. नुसत्या जनुकाच्या प्रकाराने समाजविघातक वर्तनात फरक पडलेला दिसला नाही. ज्यांचे लहानपण मारहाणीत वा हेळसांडीत गेले होते, त्यांच्यात मात्र कमी क्रियाशील प्रकार असणाऱ्यांवर त्याचा परिणाम कितीतरी अधिक झाला होता : जनुक आणि छळ दोन्ही वाट्याला आलेले पुरुष होते १२ टक्के, पण हिंसक गुन्ह्यांतील दोषसिद्धींपैकी ४४ टक्के त्यांच्या नावावर होत्या. पुढे सगळ्या अभ्यासांत हे तितक्याच ठसठशीतपणे आले नाही, तरी २०१४ मध्ये २७ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा पुरुषांच्या बाबतीत हा संबंध टिकून राहिला. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने हिंसा आणि आक्रमकतेवरचे १८५ अभ्यास चाळले आणि एकट्या-दुकट्या जनुकाच्या जोरावर आक्रमकता सांगता येईल असा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणजे ज्या जनुकावर ही चाचणी उभी आहे, त्याचा अर्थ लावायचा तर लहानपण कसे गेले हे विचारणे भागच आहे, आणि कंपनी तेच विचारत नाही. गणितातला एक आकडा झाकून उत्तर देण्याचा हा प्रकार आहे.

अहवालात आणखी एक वाक्य आहे : ‘आपल्या मुलाची ५० टक्के आक्रमकता जनुकीय आहे.’ हा ५० चा आकडा जुळ्यांच्या अभ्यासांतून येतो. एकाच बीजाची (एकयुग्मज) जुळी एकमेकांसारखी किती आणि वेगळ्या बीजांची जुळी किती, यावरून माणसामाणसांमधल्या फरकातला किती वाटा जनुकांचा हे काढतात. २००२ मध्ये जुळ्यांच्या व दत्तक मुलांच्या ५१ अभ्यासांचा गोषवारा काढला गेला, त्यात समाजविघातक वर्तनासाठी हा वाटा सुमारे ४१ टक्के निघाला. तो एका मुलाच्या अंगातल्या रागाचा वाटा नव्हे. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ज्वारी एकाच काळ्या रानात पेरली तर ताटाताटांतला फरक बहुतांशी बियाण्याचा. तेच बियाणे अर्धे काळ्या रानात आणि अर्धे मुरमाड माळावर पेरले तर फरक जमिनीचा. पण एका कणसाकडे बोट दाखवून ‘यातले निम्मे दाणे बियाण्याचे आणि निम्मे जमिनीचे’ असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही. कंपनी म्हणते.

आणि जनुकांचा तो वाटाही एका जनुकाचा नसतो. २०२१ मध्ये सुमारे १५ लाख लोकांच्या माहितीवरून अतिचंचलता, व्यसन, बेफिकीर धोका पत्करणे अशा आवरता न येणाऱ्या वर्तनाशी निगडित ५७९ जागा गुणसूत्रांवर सापडल्या. प्रत्येकीचा परिणाम नखाएवढा. आणि हे सगळे लोक युरोपीय वंशाचे होते. त्यावरून सोलापूरच्या मुलाचा काटा लाल पट्ट्यात न्यायला कोणता आधार आहे, हे ३६ पानांत कोठेही नाही.

पत्रकात ‘परदेशी न्यायालयांनी मान्य केलेले जनुक’ असेही म्हटले आहे. २००९ मध्ये इटलीतील त्रिएस्ते येथील अपील न्यायालयाने एका खुन्याची शिक्षा अशा जनुकीय पुराव्यामुळे एक वर्षाने कमी केली, हे खरे. शिक्षा कमी करण्यासाठी वापरलेल्या युक्तिवादाचे भांडवल आईबापांना घाबरवून खोके विकण्यासाठी करणे, याला काय म्हणावे ते वाचकांनी ठरवावे.

मला स्वतःला यात फार वर चढून बोलण्याचा अधिकार नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीही वर्गात एक जादा वाय गुणसूत्र असलेले पुरुष गुन्हेगारीकडे झुकतात असे सांगितले आहे. १९६५ मध्ये स्कॉटलंडमधील कार्स्टेअर्सच्या सुरक्षित रुग्णालयातील पाहणीतून ती समजूत पसरली. १९७६ च्या डेन्मार्कमधील मोठ्या पाहणीत असे पुरुष हिंसक असल्याचे दिसले नाही, आणि तुरुंगात गेलेल्यांच्या बाबतीत खरा संबंध कमी बुद्ध्यांकाशी असावा असे निघाले, हे मला बऱ्याच उशिरा कळले. तोवर माझ्या दहा-बारा तुकड्या बाहेर पडून गेल्या होत्या.

‘योद्धा’ हा शब्द २००४ मध्ये माकडांवरच्या संशोधनाच्या बातमीतून रूढ झाला. २००६ मध्ये न्यूझीलंडच्या एका संशोधकाने माओरी लोकांत तीनवाला प्रकार अधिक असल्याचे मांडताच वृत्तपत्रांनी माओरींमधील हिंसेचे कारण सापडल्याची आवई उठवली आणि त्यावर जोरदार टीका झाली. सोलापूरकराला हे वाचताना परके वाटू नये. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. जनुक हा शब्दही तेव्हा जन्मला नव्हता, पण गुन्हा रक्तातून येतो ही खात्री मात्र सरकारी राजपत्रात छापली जात होती. त्या लोकांना डांबण्यासाठी आपल्या गावात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. रोजची हजेरी, बाहेर पडायला परवाना, आणि दिवसभर मिलमध्ये काम. कायदा १९५२ मध्ये गेला. कुंपणही गेले, पण सेटलमेंट फ्री कॉलनी हे नाव आजही रिक्षावाल्याला सांगता येते, आणि तेथला पत्ता सांगताना पूर्वी वर्गातली काही मुले आवाज खाली आणत, हे मी हजेरी घेताना पाहिले आहे. म्हणून बारा वर्षांच्या मुलाच्या नावापुढे ‘योद्धा प्रकार’ असे छापून देणारा कागद मला नुसता चुकीचा वाटत नाही, तर तो मला भिववतो.

माहितीच्या सुरक्षेबद्दल थोडक्यात. संमतिपत्र फक्त इंग्रजीत आहे आणि नमुना संशोधनासाठी वापरण्याच्या संमतीच्या चौकटीत आधीच खूण केलेली असते. ती काढावी लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे, येथे एका ओटीपीवर काम भागले. लाळ नष्ट करून माहिती पुसावी असा अर्ज केला, त्याला तेवीस दिवस झाले. पोच आली, पुढे काही नाही. मधल्या काळात पुतण्याच्या धाकट्या बहिणीची चाचणी वीस टक्के सवलतीत करून देण्याचे दोन संदेश आले. मुलींत या जनुकाच्या दोन प्रती असतात आणि प्रत्येक पेशीत एक एक्स बहुतांशी मिटलेला असतो, त्यामुळे त्यांच्या बाबतीत अर्थ लावणे आणखी अवघड आहे. संदेशात त्याबद्दल अर्थातच काही नव्हते.

ज्यांना खरोखर मुलाच्या मारकुटेपणाची काळजी आहे, त्यांनी या पैशांचे काय करावे असे कोणी विचारले तर आम्ही पुढे काय केले तेवढे सांगतो. जूनमध्ये आम्ही त्याला सिव्हिलच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात नेले. रांग मोठी होती, पंखा एकच, आणि नंबर लागायला अडीच तास गेले. डॉक्टरीणबाईंनी अहवाल हातात घेतला, तबकडीचे पान पाहिले आणि तो टेबलाच्या कडेला पालथा ठेवला. मग मुलाला विचारले : झोपतोस किती वाजता, शाळेत कोणाशी जमत नाही, ज्याला कंपासपेटी मारली तो आधी काय म्हणाला होता. तो म्हणाला होता ते पुतण्याने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले आणि ते आम्हां तिघांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. नंतर त्याला बाहेर बाकावर बसवून त्यांनी आमच्याकडे पाहिले. ‘घरात हात कोणाचा सुटतो?’

भावजय खिडकीकडे पाहू लागली. धाकटा बराच वेळ काही बोलला नाही. पुढची तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली आहे, आणि या वेळी मुलाला आणू नका, तुम्ही दोघेच या, असे त्यांनी केसपेपरवर लिहून दिले आहे.